खिळ्यावरचा कोट

आमच्या खोलीत आठ बंक, एक पंखा
आणि दारामागच्या खिळ्यावर एक कोट.
निळा. दोन बटणांचा. खालचं बटण नाही.
यशवंत धनावड्यानं घेतला होता सतव्याच्या सेलमध्ये,
कायमचा गावी जाताना ठेवून गेला.
"तिकडं कोण घालणार? तिकडं उकडतं."
इथं सेहेचाळीस डिग्री.
सगळे हसलो. कोट राहिला.

सोनापूर म्हणतात या वस्तीला.
माझा मामा गिरगावात वाढलेला, फोनवर दचकलाच:
"अरे, सोनापुरात माणसं जाळतात!"
"नाय मामा," म्हटलं,
"इथं नुसती वाळवतात."

शुक्रवारी अंघोळीची रांग संपली की कोटाची रांग.
थोरला आधी. कुणी ठरवलेलं नाही.
खाली पायजमा असला तरी चालतं,
फोटो कमरेपर्यंतच.
बँकेच्या काचेसमोर उभं राहायचं.
गार्ड नेपाळी आहे, तो तेवढ्यापुरता तोंड फिरवतो.
त्याच्याही खोलीत असा एखादा खिळा असणार.

इस्माईल परकारला बाह्या आखूड, तो हात मागं बांधतो.
गावात म्हणतात, साहेब झाला, उभा कसा राहतो बघा.
हरीला पोटावर तंग, तो श्वास रोखून धरतो.
मी तळवा ठेवतो बटणाच्या जागी.
आई विचारते, पोटात दुखतं काय रे तुझ्या?

मागच्या मे महिन्यात रजेवर होतो,
हरीकडं पूजेला गेलो.
भिंतीवर हरी. त्याच कोटात.
त्याची आई आधी फोटोकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.
"तुझ्या आईकडं पण असाच लावलाय ना?
सगळ्यांना सारकाच देतात काय तिकडं?"
"कंपनीचा युनिफॉर्म," मी म्हणालो.
तिनं माझ्या ताटात आणखी एक घावन वाढलं
आणि बटणाबद्दल काही विचारलं नाही.

निकेश कुळये आला त्यानंतर. बावीस वर्षांचा.
पहिल्याच शुक्रवारी त्यानं फोटो पाठवला,
केशरी डांगरीत, हेल्मेट काखेत,
छातीवर मिठाचे पांढरे नकाशे,
सगळे दात दिसतायत.
खाली लिहिलं: आई, मी सतराव्या माळ्यावर.
वाडीच्या ग्रुपवर टाकला.

त्या रात्री त्याला कुणी जेवायला हाक मारली नाही.
कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही.
हरी फक्त म्हणाला, तेही भिंतीला:
"माझी बायको विचारते, तुम्ही पण हेच घालता काय."
इस्माईलनं बत्ती मालवली.
आठच वाजले होते.

काळोखात मीही गप्प पडून होतो.
मला तो फोटो आवडला होता.
मी तो ठेवून घेतला होता फोनमध्ये,
अजून आहे.

पुढच्या शुक्रवारी रांगेच्या टोकाला निकेश.
कुणी बोलावलं नव्हतं.
मीच त्याच्या खांद्यांवर कोट चढवला,
कॉलर सारखी केली, धाकट्या भावाची करतात तशी.
आणि कोट त्याला बसला.
खांद्याला, छातीला, मनगटाला,
माप घेऊन शिवल्यासारखा.
इतक्या वर्षांत कुणालाच बसला नव्हता.

"दात नको दाखवू," हरी म्हणाला,
"साहेब हसत नाहीत."
निकेशनं ओठ मिटले.

फोटोत बटणाची जागा उघडी आली.
बारीक तुटका दोरा, स्पष्ट दिसतो.
तिथं हात ठेव, एवढं त्याला सांगायचं
मी विसरलो.

विसरलो, असं खोलीत सांगितलं.